हजारों ख्वाहिशें ऐसी, आणि त्याच वर्षांतलं आमचं शहादा

‘हजारों ख्वाहिशें ऐसी’ मधला सिद्धार्थ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्याच्या फॅन लोकांना इथूनच परत फिरता येईल. के के मेनननं काम भारी केलंय, त्याबद्दल वादच नाही. माणूस म्हणून खटकतो. रिटायर्ड जजचा पोरगा, दिल्लीच्या कॉलेजात शिकणारा, तोंडात सारखी क्रांती, आणि बोलताना समोरच्याकडे बघतोय की त्याच्या मागच्या भिंतीकडे तेच कळत नाही. असली पोरं मी प्रत्यक्षात बघितलीयत, धुळ्याला हॉस्टेलला होतो तेव्हा आमच्या मजल्यावर एक होता, रात्री दोनला उठवून शोषण समजावून सांगायचा आणि मेसचे पैसे मात्र तीन महिने थकलेले.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधीर मिश्रांचा पिक्चर आहे, २००३ मध्ये तयार होऊन फेस्टिव्हलला फिरला आणि थेटरला लागला २००५ च्या एप्रिलमध्ये. आमच्याकडे लागल्याचं मला तरी आठवत नाही, आमच्याकडे तेव्हा सीडीवर जे यायचं तेच यायचं. गोष्ट १९६९ ते १९७७ ची, म्हणजे नक्षलबारी होऊन दोन वर्षं झालेली तिथपासून आणीबाणी उठेपर्यंत. तीन मित्र. सिद्धार्थ, जो सगळं सोडून बिहारमध्ये भोजपूरला जातो. गीता, जी सिद्धार्थवर प्रेम करते, मग एका आयएएस ऑफिसरशी लग्न करते, मग तेही सोडून भोजपूरला जाते. आणि विक्रम, मेरठच्या गांधीवादी काँग्रेसवाल्याचा पोरगा, ज्याला बापाच्या तत्त्वांचा इतका कंटाळा आलेला असतो की तो दिल्लीत लोकांची कामं करून देणारा माणूस होतो. लायसन, परमिट, कोणाला कोणाशी भेटवायचं, त्याचं सगळं त्याला माहीत. आपल्याकडे असले तालुक्याला तहसीलबाहेरच्या टपरीवर चार तरी सापडतात, फक्त त्यांचा सूट नसतो. मला विचाराल तर पिक्चरमधला सगळ्यात खरा माणूस हाच आहे, कारण त्याला नक्की काय पाहिजे ते त्याला माहितीय. त्याला गीता पाहिजे, बस. (पुढे शेवट फुटणार आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.)

तर या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आलेला, त्याच्या कॉलेजात कोणीतरी दाखवला होता, तो म्हणे काका तुम्ही बघितलाय का, म्हटलं बघितलाय पण परत लाव, आणि मग टीव्हीला मोबाईल जोडून आम्ही तिघं बसलो. तिसरे आमचे आप्पा, माझे मोठे काका, पंचाहत्तरी उलटलेली, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले आणि पहिला अर्धा तास "हे इंग्लिशमा का बरं बोलतात" याच्यावर नाराज. खरंच इंग्लिश खूप आहे त्यात, पत्रं पण इंग्लिशमधली. पण त्या पोरांची भाषाच ती होती, त्याला दिग्दर्शक काय करणार.

भोजपूर आलं तसे आप्पा नीट बसले. तिथं एक सीन आहे. जमीनदाराच्या पोरानं गावातल्या खालच्या जातीच्या पोरीवर अत्याचार केलेला असतो, सिद्धार्थ आणि त्याचे साथी लोकांना गोळा करतात, लोक पहिल्यांदाच जमीनदाराला घेरतात, तोंडावर शिव्या घालतात, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याला हार्ट अटॅक येतो. मग जे लोक दोन मिनिटांपूर्वी त्याला मारायला निघालेले तेच डॉक्टर डॉक्टर करत पळतात. सिद्धार्थ बघत राहतो, त्याच्या डोक्यात बसतच नाही की हे काय चाललंय.

आप्पा म्हणाले, "हाई मातर बराबर दखाडेल शे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आमच्या घरी तेव्हा सालदार होता. सालदार म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षभराचा करार करून शेतात राबणारा गडी, पाडवा-आखाजीच्या सुमारास साल ठरायचं, थोडी उचल आधी घ्यायची आणि मग ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा कधीच न फिटेपर्यंत, त्याच घरी राबायचं. दुष्काळाच्या वर्षी एक दिवस तो सकाळी आलाच नाही. संध्याकाळी आला तो एकटा नव्हता, वस्तीवरचे वीस-पंचवीस लोक सोबत घेऊन आला आणि अंगणाबाहेर उभं राहून म्हणाला की सालाचे पैसे वाढवा नाहीतर उद्यापासून गावात कोणीच कोणाच्या शेतात जाणार नाही. आजोबा चिडले, आरडाओरडा झाला, कोणीतरी काठी उचलली, ठेवली. आणि पुढच्याच पंधरवड्यात आजोबांना रात्री ताप चढून बोलणं बंद झालं तेव्हा बैलगाडी जुंपून शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन जाणारा तोच होता. रातभर तिथंच बाहेर बसून होता म्हणे.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, घरात कोणी पाहुणा आला की एकदा तरी होतेच. मालकांच्या घरांमध्ये अशा गोष्टी फार जपून ठेवलेल्या असतात, त्यातून आपलं माणूस किती चांगलं होतं आणि पर्यायानं आपण किती चांगले होतो ते सांगता येतं. पण मी त्या दिवशी आप्पांना विचारलं की आप्पा, त्याचं साल कितीला ठरलेलं होतं? त्यांना आठवेना. बराच वेळ आठवून बघितलं. बैलजोडी सारंगखेड्याच्या बाजारातून कितीला आणली ते रुपयासकट आठवत होतं, बैलांची नावं पण आठवत होती. सालदाराची मजुरी नाही आठवली. पैसे शेवटी वाढवले का, तर म्हणे "वाढाडना आसतीन."

आणि इथं मला पिक्चरचं जे खटकतं ते सांगतो. त्या सीनमध्ये कॅमेरा सिद्धार्थच्या चेहऱ्यावर आहे. डॉक्टरकडे पळणाऱ्यांपैकी एकाच्याही नाही. ते का पळाले? घाबरून? सवयीनं? उद्या हा मेला तर पोलीस आपल्यालाच आत टाकतील हा साधा हिशोब करून? की खरंच दया आली? कोणालाच विचारलेलं नाही. पिक्चर त्याला भारताचं गूढ समजून पुढे जातो. मला तर वाटतं तो सालदार गाडी जुंपून का गेला याचं उत्तर एकदम सरळ असू शकतं, आजोबा मेले असते तर त्याची वाढीव मजुरीची बोलणी कोणाशी करायची.

आता मजेची गोष्ट अशी की पिक्चर बघून कोणालाही वाटेल भोजपूरमध्ये जे पेटलं ते दिल्लीच्या पोरांनी जाऊन पेटवलं. तसं नव्हतंच. दिल्लीच्या चांगल्या चांगल्या कॉलेजातली पोरं त्या काळात घर सोडून गेली हे खरंय, पण भोजपूरचं आंदोलन उभं केलं ते जगदीश महतो नावाच्या तिथल्याच मास्तरनं, एकवारी गावचा माणूस, भोजपूरमधल्याच आरा शहरात शाळेत शिकवायचा. १९६७ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट उमेदवाराच्या बाजूनं उभा राहिला म्हणून वरच्या जातीच्या लोकांनी त्याला मरेस्तोवर मारलं, तो वाचला आणि मग पाच वर्षांत कायच्या काय झालं, १९७२ ला तो मारला गेला. हा माणूस पिक्चरमध्ये का नाही? म्हणजे दिग्दर्शकाला त्याच्या मित्रांची गोष्ट सांगायची होती हे मला समजतं, त्याचा हक्कच आहे तो, पण मग गावातल्या लोकांना निदान नावं तरी द्यायची ना. सगळी नावं दिल्लीवाल्यांना.

आमच्याकडेही तेच. त्याच वर्षांमध्ये. नकाशात बघितलं तर शहादा आणि आरा यांच्यात हजार किलोमीटरच्या वर अंतर असेल पण तारखा बघा. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात, नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ ला. सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन, तापी जवळ, आणि भिलांच्या नावावरच्या जमिनी कागदावर कधी कोणाकडे गेल्या ते त्यांना कळायच्या आत गेलेल्या, त्याच जमिनीवर ते सालदार. २ मे १९७१ ला पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्याच्या आधीपासून इथं एक माणूस काम करत होता, अंबरसिंग सुरतवंती, लोक महाराज म्हणायचे, पाडळद्याचा, स्वतः भिल, सर्वोदयवाला, भजनं म्हणायचा, आणि भजन म्हणता म्हणता जमिनीचं बोलायचा. पाटीलवाडीनंतर पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं इकडे आली, मागोवा नावाचा मार्क्सवादी अभ्यासगट होता त्यातली काही, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. म्हणजे आमच्याकडचे सिद्धार्थ. पण ते आले तेव्हा इथं आधीच एक माणूस उभा होता ज्याच्या मागं लोक होते, आणि त्यांना त्याच्या मागं जाऊन उभं राहावं लागलं.

आमच्या घरात त्या पोरांना काय म्हणायचे, तर नक्षली. सरळ नक्षली. आप्पा अजूनही तेच म्हणतात. त्यांनी केलं काय, तर संप, मोर्चे, दुष्काळी कामावरच्या मजुरीची भांडणं, कोर्टात तारखा, तलाठ्याकडे जाऊन सातबारे बघणं, गेलेल्या जमिनींची यादी करणं. बंदुका होत्या त्या वेगळ्याच लोकांकडे, म्हणजे मालकांच्या बाजूला होत्या, पीक राखायच्या नावाखाली. मी हे आप्पांना त्या दिवशी म्हटलं तर ते म्हणाले, "तू तवय जलमेल बी नव्हता." ते पण खरंच आहे.

आणि बाया. हे कोणी सांगतच नाही. शिबिरं झाली, बायका पहिल्यांदा एका जागी बसून बोलल्या, आणि मजुरीच्या आधी दारूवर आल्या. गावोगाव टोळीनं जाऊन दारूची मडकी फोडली, पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला बाकीच्या बायांनी धरून बडवलं. आमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या सांगायच्या की हातात काय सापडेल ते घेऊन गेलो, कोणाकडे विळा कोणाकडे बडगा, मला तर पोरीचं पाटीदप्तरच सापडलं तेच घेऊन गेले. मडक्यातली दारू रस्त्यावर सांडली की कोंबड्या त्यात चोच घालायच्या आणि मग तिरक्या तिरक्या चालायच्या. हे सांगताना त्या बाई इतक्या हसायच्या की पदरानं डोळे पुसायला लागायचे. सांगा, हा सीन कोणत्या पिक्चरमध्ये आहे?

आता प्रश्न असा की तिकडे बंदूक का आणि इकडे का नाही. पुतण्यानं हेच विचारलं. मला पक्कं उत्तर येत नाही आणि ज्यांना पक्कं येतं त्यांच्यापासून मी लांब राहतो, पण मला वाटतं एक तर अंबरसिंग महाराजांची ती भजनातली चाल, ती एकदम मोडता येत नव्हती. दुसरं म्हणजे इथं भांडून थोडं थोडं तरी मिळत गेलं. दुष्काळात सरकारला कामं काढावीच लागली, त्यातूनच पुढे रोजगार हमी आली, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा १९७४ चा आहे. कायदा झाला म्हणजे जमीन मिळाली असं बिलकुल नाही, आमच्याच भागात किती केसेस कितीतरी वर्षं लोंबकळल्या, पण जायला एक ऑफिस तरी होतं. एकवारीच्या माणसाला मतदान करायला गेल्यावर मार बसत होता. त्याला कुठल्या ऑफिसात जा म्हणून सांगणार? माणूस टोकाला जातो तेव्हा आपण त्याचं डोकं तपासतो, वाचन काय, मित्र कोण, पण मधल्या सगळ्या खिडक्या कोणी बंद केल्या ते कोणी बघत नाही.

आणि टोकाला जाण्याचं म्हणाल तर खान्देशाला काय त्याचं वावडं आहे का. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याला इंग्रजांचा साडेपाच लाखांचा खजिना हत्यारं घेऊन लुटला, आमच्या आणि साताऱ्याकडच्या क्रांतिकारकांनी मिळून. त्याचं स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात तिथं. नंदुरबारला शिरीषकुमार १९४२ ला गोळ्या खाऊन गेला तेव्हा शाळकरी पोरगा होता. त्यांना कोणी रॅडिकल म्हणत नाही कारण समोर इंग्रज होते. समोर आपलाच पाटील असला की गणित बदलतं.

बरं, परत पिक्चरकडे. शेवट असा की आणीबाणीत सगळं कोसळतं. पोलीस कोठडीत गीताच्या बाबतीत जे होतं ते बघवत नाही. विक्रम, ज्याला क्रांतीशी काही म्हणता काही घेणंदेणं नाही, तो फक्त गीताला शोधायला भोजपूरला जातो आणि पोलीस त्याला असा मारतात की पुढं आयुष्यभर धड बोलता पण येत नाही. आणि सिद्धार्थ? सिद्धार्थ थकतो आणि लंडनला जातो, डॉक्टरकी शिकायला. पुतण्या या जागी भडकला, म्हणे हा तर पळपुटा निघाला. मला उलट तिथंच तो पहिल्यांदा बरा वाटला. थकला तर थकला, निदान थकलो म्हणून कबूल तरी केलं, नाहीतर कितीतरी जण थकूनसुद्धा तीस वर्षं भाषणं करत राहतात. त्याच्याकडे परतीचं तिकीट होतं, ते त्यानं वापरलं. गावातल्या कोणाकडे ते नव्हतं हे पिक्चरनं एकदा तरी स्पष्ट म्हणायला पाहिजे होतं.

गीता राहते. तिथंच, गावात, विक्रमला सांभाळत. चित्रांगदा सिंगचा हा पहिला पिक्चर होता यावर विश्वास बसत नाही. पण गीताचं राहणं पिक्चरला दहा मिनिटांत उरकायचंय. जाणं दोन तास आणि राहणं दहा मिनिटं. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे बघा. कारण जाणं सोपं असतं, वीस-बावीसच्या वयात तर एकदम सोपं, त्यात स्वानंद किरकिरेंचं ‘बावरा मन’ मागे वाजत असेल तर काय विचारूच नका, गाणं आजही लागलं की मी हातातलं काम सोडतो. पण राहिल्यावर मंगळवारी काय करायचं? पुढच्या मंगळवारी काय करायचं?

आमच्याकडे हे करून दाखवलेली माणसं आहेत. कुमार शिराळकर, मुंबई आयआयटीचे इंजिनियर, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडे आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले तोपर्यंत इथल्याच लोकांचं काम करत राहिले. पन्नास वर्षं. पिक्चरचा सगळा काळ आठ वर्षांचा आहे. आणि त्यातही मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते वाहरू सोनवणे, कारण ते बाहेरून आलेले नाहीत, याच मातीतले भिल, श्रमिक संघटनेत घडलेले, आणि त्यांनी ‘स्टेज’ नावाची कविता लिहिली ज्यात स्टेजवर बसून आदिवासींचं दुःख आदिवासींनाच सांगणाऱ्या लोकांना असं काही धरलंय की ती वाचल्यावर सिद्धार्थची सगळी पत्रं हलकी वाटायला लागतात. पुतण्याला ती मोबाईलवर काढून दिली. त्यानं वाचली, गप्प बसला, मग म्हणाला काका याच्यावर पिक्चर का नाही बनवत कोणी.

मी पण तेच म्हणतोय. पाटीलवाडीपासून सुरू करा, अंबरसिंग महाराज १९७४ ला गेले तिथपर्यंत आणा, तीन वर्षांचाच पिक्चर करा. अहिराणी, भिली, गुजरी सगळं बोलू द्या, खाली मराठीत लिहून द्या. पुण्याच्या पोरांना घ्या पण त्यांना बाजूचा रोल द्या. मालकांची घरं पण दाखवा, खलनायक म्हणून नको, बैलजोडीची किंमत लक्षात असणारी साधी भजनी माणसं म्हणून दाखवा, ते जास्त लागेल. आणि त्या तिरक्या चालणाऱ्या कोंबड्या तर पाहिजेतच.

पुतण्या म्हणतोय तो लिहून बघणार आहे, उन्हाळ्यात येईन, रेकॉर्डिंग करू म्हणाला, त्या काळातली अजून जी चार-पाच म्हातारी माणसं वस्तीवर आहेत त्यांच्याशी बोलू. आप्पांना म्हटलं तुम्ही पण बोला, तुमची बाजू सांगा. ते आधी नाही म्हणाले, मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले सांगसू, पण "त्यामा आपला गावनं नाव टाकू नको."

इथं तरी टाकलेलं नाही.